विहिरीत औषध ओतणारा देरेल

वार्षिकांकात चरित्रे येतात ती बहुधा संतांची, समाजसुधारकांची, नाहीतर साहित्यिकांची. पवनारच्या मुलाने लिहायचे म्हटले म्हणजे तर विनोबांवाचून दुसरे नाव सुचू नये, अशीच अपेक्षा असते. मी मात्र कला शाखेचा विद्यार्थी असूनही एका फ्रेंच जीवाणुशास्त्रज्ञाविषयी लिहीत आहे, आणि त्याला कारण झाले आहेत मासे.

२०१६ साली राज्यात मागेल त्याला शेततळे ही योजना आली. तेव्हापासून आमच्या बाजूलाही कापूस-सोयाबीनच्या मधोमध तळी दिसू लागली. तळ्यात पाणी आले की त्यात मासे सोडावेत असे कुणालाही वाटतेच. रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली आणून सोडायची, कोंडा-ढेप टाकायची आणि आठ-दहा महिन्यांनी जाळे ओढायचे, असा हा साधा व्यवहार. पण मध्येच कधी माशांच्या अंगावर लाल चट्टे उठतात, पर कुजतात, पोट फुगते, खवले उभे राहतात, आणि सकाळी काठाशी पांढरी पोटे तरंगताना दिसतात. मग जो तो आपापल्या समजुतीप्रमाणे काहीतरी ओततो. आधी चुना, मग पोटॅशियम परमँगनेट, आणि त्यानेही भागले नाही तर जनावरांसाठी मिळणारी प्रतिजैविकांची पूड. ती पूड थोडीफार माशांच्या पोटात जाते, बाकीची तळाच्या गाळात बसते, आणि पावसाळ्यात तळे भरून वाहू लागले की नाल्यातून धाम नदीत येते. १९४८ साली गांधीजींच्या अस्थी जिच्यात विसर्जित झाल्या तीच ही नदी. माझा प्रश्न मात्र श्रद्धेचा नाही. औषधाला सरावलेले जंतू तळ्यातच मुक्काम करून राहत नाहीत. ते माणसापर्यंत पोहोचतात आणि मग दवाखान्यातले औषधही लागू पडेनासे होते. कोलिस्टिन हे अगदी अखेरच्या फळीतले औषध. कोंबड्या, गुरे आणि मत्स्यशेती यांत ते वापरण्यावर केंद्र सरकारने २०१९ साली बंदी घातली ती याच भीतीने.

मग रोगाचे जंतू तर मरावेत, पण पाण्यात विष म्हणून काही उरू नये, अशी एखादी वस्तू आहे काय? हा प्रश्न घेऊन मागे मागे जाऊ लागलो की शंभर वर्षांपूर्वीच्या एका हट्टी, भटक्या आणि बिनपदवीच्या माणसापाशी येऊन थांबावे लागते. त्याचे नाव फेलिक्स देरेल.

देरेलचा जन्म २५ एप्रिल १८७३ चा. आपण कॅनडातील माँट्रियलचे, असे तो जन्मभर सांगत आला आणि चरित्रकारांनीही बरीच वर्षे तेच लिहिले. पुढे जुनी कागदपत्रे तपासली गेली तेव्हा हा गृहस्थ पॅरिसमध्ये जन्मलेला निघाला, आणि जन्माच्या दाखल्यावरचे नावही निराळे. शिक्षणाची गोष्टही अशीच संदिग्ध. वैद्यकाची वा जीवशास्त्राची रीतसर पदवी त्याने कुठेही घेतलेली नव्हती. स्वतःच्या आयुष्याची हकिगत थोडी रंगवून सांगण्याची खोड त्याला होती, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. कारण पुढे त्याच्या प्रयोगांवर जे आक्षेप घेतले गेले त्यांची मुळे काही अंशी या स्वभावात आहेत, असे मला वाटते.

पत्नी मारी हिच्यासह १८९७ मध्ये तो कॅनडात गेला. तिथे त्याने घरातच प्रयोगशाळा मांडली आणि पुस्तके वाचून सूक्ष्मजीवशास्त्र शिकला. पहिले काम मिळाले ते मेपल झाडाच्या गोड रसापासून दारू बनवण्याचे. मध्येच भावाबरोबर चॉकलेटचा कारखाना काढला आणि तो बुडाला. १९०१ मध्ये ग्वाटेमालाच्या सरकारी रुग्णालयात जीवाणुतज्ज्ञ म्हणून नोकरी लागली, तिथे रुग्णालयाच्या कामाबरोबर केळ्यांपासून दारू. १९०७ मध्ये मेक्सिको, तिथे घायपाताच्या जातीच्या एका झाडाचे धागे काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून दारू. दारूबंदीच्या जिल्ह्यात राहून हे सगळे लिहिताना थोडा संकोच होतो. पण खुद्द लुई पाश्चरनेही आंबवण्याच्या क्रियेचा अभ्यास करता करताच जंतूंचे शास्त्र उभे केले होते, तेव्हा वाट वावगी म्हणता येणार नाही.

मेक्सिकोत असताना टोळधाड आली. शेतकरी हवालदिल झाले. त्यात काही टोळ रोगाने मरून पडलेले आहेत असे देरेलच्या कानावर आले. इतरांनी त्यावर सुटकेचा निःश्वास टाकला असता. देरेलने त्या मेलेल्या टोळांच्या आतड्यांतून जंतू वेगळे काढले, वाढवले आणि निरोगी टोळांच्या वाटेवर फवारून पाहिले. पुढे अर्जेंटिना, अल्जीरिया, ट्युनिशिया अशा देशांत त्याने हा प्रयोग केला. यश कुठे आले, कुठे नाही. पण रोगालाही रोग होऊ शकतो, आणि तो रोग आपल्या कामाला लावता येतो, हा विचार त्याच्या मनात रुजला तो इथे. या जंतूंची वाढ काचेच्या बशीत करताना त्यांच्या दाट सायीत मध्येच गोल, स्वच्छ, काचेसारखे ठिपके पडलेले आपण प्रथम याच काळात पाहिले, असे तो नंतर सांगत असे.

१९११ मध्ये तो सहकुटुंब पॅरिसला आला आणि पाश्चर संस्थेत बिनपगारी मदतनीस म्हणून काम करू लागला. वर्षानुवर्षे बिनपगारी. युरोपातल्या चरित्रकारांना याचे मोठे आश्चर्य वाटते. विनोबांनी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग केला, त्या गावच्या माणसाला ते तितकेसे वाटत नाही. फरक एवढाच की देरेलने हे काही व्रत म्हणून केले नव्हते. गाठीला थोडे पैसे होते आणि प्रयोगशाळेत शिरण्याचे दुसरे दार त्याच्यासाठी उघडे नव्हते.

पहिले महायुद्ध सुरू होते. १९१५ च्या उन्हाळ्यात पॅरिसजवळ मेझों-लाफित येथे फ्रेंच घोडदळाच्या एका तुकडीत आमांशाची साथ पसरली आणि तपासाचे काम देरेलकडे आले. त्याने आजाऱ्यांची विष्ठा पाण्यात कालवून अतिशय बारीक गाळणीतून गाळली. या गाळणीतून जंतू पार होत नाहीत. मग ते गाळलेले, वरकरणी निर्जंतुक पाणी त्याने आमांशाच्या जिवंत जंतूंत मिसळले. काही बशांमध्ये तेच स्वच्छ ठिपके उमटले. पुढे रुग्णालयातल्या एका आजाऱ्याच्या विष्ठेची त्याने रोजच्या रोज अशी तपासणी केली. पहिले काही दिवस काहीच घडले नाही. एका सकाळी मात्र आदल्या दिवशी गढूळ असलेली जंतूंची नळी पाण्यासारखी नितळ झालेली दिसली. जंतू विरघळून गेले होते. तिकडे रुग्णालयात तो आजारीही त्याच सुमारास सुधारू लागला होता. देरेलने दोन्ही गोष्टी एकमेकींशी जोडल्या. जंतूंना खाणारे, गाळणीतून आरपार जाणारे, डोळ्यांना न दिसणारे काहीतरी त्या माणसाच्या पोटात वाढले होते आणि त्यानेच त्याला बरे केले होते.

सप्टेंबर १९१७ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत यावरील टिपण वाचले गेले. या अदृश्य जीवाला त्याने बॅक्टेरियोफेज, म्हणजे जीवाणुभक्षी, असे नाव दिले. इंग्लंडमधील फ्रेडरिक ट्वर्ट याने १९१५ मध्येच असेच काहीसे पाहून छापले होते, आणि आधीचा मान कुणाचा यावरून पुढे पुष्कळ कटुता झाली. त्या वादात मी शिरत नाही. ट्वर्टने ते पाहिले आणि पुढे फारसे नेले नाही; देरेलने त्यासाठी उरलेले आयुष्य वेचले, एवढे म्हणणे पुरे.

या फेजचे वागणे समजून घेतल्याशिवाय पुढची हकिगत कळणार नाही. फेज हा एक विषाणू आहे, पण तो माणसाला, माशाला वा म्हशीला काही करीत नाही. त्याचे भक्ष्य फक्त जीवाणू, आणि तेही ठरावीक. आमांशाच्या जंतूचा फेज पटकीच्या जंतूला शिवत नाही. पुष्कळदा तर एकाच जातीच्या जंतूंतल्याही काही वाणांना तो चालतो, काहींना चालत नाही. कुलूप आणि किल्ली म्हणावे तसा हा प्रकार. योग्य जंतू भेटला की फेज त्याला चिकटतो, आपले बीज आत सोडतो, आणि साधारण अर्ध्या तासात तो जंतू फुटून त्यातून कित्येक नवे फेज बाहेर पडतात. जंतू आहेत तोवर फेज वाढतच जातात आणि जंतू संपले की तेही हळूहळू नाहीसे होतात. रोगाबरोबर वाढणारे आणि रोगाबरोबर ओसरणारे औषध, अशी ही विलक्षण गोष्ट आहे. तथापि तिच्यातच अडचणही आहे: जंतू नेमका कोणता हे ठाऊक नसेल तर हे औषध निव्वळ पाणी.

या औषधाचा पहिला उपयोग माणसावर झाला नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. तो झाला कोंबड्यांवर. १९१९ मध्ये फ्रान्सच्या खेड्यांत कोंबड्यांत टायफॉईडची साथ होती. देरेल खुराड्याखुराड्यांतून हिंडला, रोगाचे जंतू आणि त्यांचे फेज गोळा केले, आणि ते कोंबड्यांना दिल्यावर मर थांबल्याचे त्याला आढळले. त्यानंतर त्याच वर्षी पॅरिसच्या बालरुग्णालयात आमांशाने अत्यवस्थ झालेल्या एका मुलाला फेज पाजण्यात आला. तत्पूर्वी देरेलने तो स्वतः पिऊन पाहिला होता आणि घरच्यांनाही पाजला होता. मुलगा बरा झाला. १९२० मध्ये इंडोचायनात त्याने म्हशींच्या घटसर्पावर फेज वापरून पाहिला. घटसर्प म्हणजे काय हे विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. पावसाळ्याच्या तोंडावर लस टोचून घेतली नाही तर घसा सुजून एका दिवसात जनावर जाते. आपल्या गोठ्यांतला हा रोग या पॅरिसकराने सायगावच्या बाजूच्या चिखलात उभे राहून अभ्यासला होता, हे वाचल्यावर तो मला एकदम जवळचा वाटू लागला.

पॅरिसला परत आल्यावर पाश्चर संस्थेत त्याला बसायला जागा उरलेली नव्हती. वरिष्ठांशी त्याचे बिनसले होते. एका सहकाऱ्याने आपल्या प्रयोगशाळेत एक स्टूल देऊ केले आणि देरेल त्यावर बसून काम करू लागला. पुढे हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्याला बोलावले आणि सन्मान्य डॉक्टरेट दिली. १९२५ मध्ये त्याला लेव्हेनहुक पदक मिळाले. हे पदक दहा वर्षांतून एकदाच दिले जाते आणि १८९५ मध्ये ते खुद्द पाश्चरला मिळाले होते. म्हणजे पाश्चरच्या संस्थेत ज्याला खुर्ची नव्हती, त्याला पाश्चरच्या पंगतीला बसवले ते परक्यांनी.

याच सुमारास तो इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाच्या आरोग्य-नाकेबंदी खात्यात रुजू झाला. तिथे एका जहाजावर गाठीच्या प्लेगचे रोगी सापडले. देरेलने चार रोग्यांच्या गाठींत प्लेगचा फेज टोचला, चौघेही वाचले. १९२५ मध्ये हे छापून आल्यावर ब्रिटिश सरकारचे लक्ष तिकडे गेले. प्लेगने आपल्याकडे काय अनर्थ केला होता ते इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगणे नको. १८९६ मध्ये मुंबईत तो आला, पाठोपाठ पुण्यात, आणि रँडच्या वधापर्यंतचे सारे रामायण घडले. परळच्या हाफकिन संस्थेचा जन्मच प्लेगच्या संशोधनातून झालेला. १९२६ मध्ये देरेलला याच संस्थेत बोलावण्यात आले. महाराष्ट्राच्या भूमीशी त्याचा संबंध आला तो इतकाच. हाफकिनमध्ये प्लेगच्या फेजवर नंतरही प्रयोग होत राहिले, परंतु अलेक्झांड्रियाचे यश तिथे हाती आले नाही.

१९२७ मध्ये तो पुन्हा हिंदुस्थानात आला तो पटकीसाठी. पटकी म्हणजे पाण्यातून येणारा मृत्यू. कलकत्त्याच्या कॅम्बेल रुग्णालयात आणि पंजाबात त्याने काम केले. रोग्यांना फेज पाजला आणि मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटल्याचे नोंदवले. पण त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते त्याने पंजाबातल्या खेड्यांत केले ते काम. त्याने पटकीचा फेज गावाच्या विहिरींत ओतला. एकेका रोग्याच्या उशाशी बसण्याऐवजी, ज्या पाण्यातून रोग गावात शिरतो त्याच पाण्यातून औषधही शिरू द्यावे, असा हा विचार. रोगी औषधाकडे येणार नाही, औषधाने पाण्याच्या वाटेने रोग्याकडे जावे.

याच संदर्भात अर्नेस्ट हँकिन याची आठवण होते. १८९६ मध्ये आग्र्याला असताना या इंग्रज जीवाणुतज्ज्ञाने असे दाखवले होते की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू थोड्या तासांत मरतात, आणि तेच पाणी उकळले की हा गुण नाहीसा होतो. ते फेजमुळेच होते असे आज काहीजण छातीठोकपणे सांगतात. हँकिनने स्वतः मात्र तसे म्हटलेले नाही. फेज तेव्हा कुणाला माहीतच नव्हता आणि पाण्यातला एखादा उडून जाणारा पदार्थ त्याला कारण असावा असे त्याचे मत होते. गंगेच्या महिम्याला विज्ञानाचा शिक्का मारण्याची घाई करू नये. फेज गंगेत असतो तसाच गावाच्या गटारातही असतो. जिथे जंतू विपुल तिथे त्यांचा भक्षकही विपुल. धामेतही तो असणारच.

मासे आणि कोळंबी यांच्या रोगांवर आज फेजचा जो विचार चालू आहे तो पंजाबातल्या या विहिरींचीच पुढची पायरी आहे, असे माझे मत झाले आहे. तळ्यातल्या दहा हजार बोटुकलींना कोण सुई टोचणार? आजारी मासा आधी खाणे सोडतो, त्यामुळे खाद्यातून औषध द्यावे तर ज्याला हवे त्याच्याच पोटात ते जात नाही. परंतु मासा, रोगजंतू आणि फेज हे तिघेही एकाच पाण्यात राहतात. तैवानात १९८१ मध्येच माशांना फोड आणि जलोदर आणणाऱ्या एरोमोनास या जंतूविरुद्ध फेज वापरण्याचा प्रयत्न झाला. जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठातील नाकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ व २००० मध्ये संवर्धनातल्या माशांवर प्रयोग केले. आयू नावाच्या माशांना त्यांनी खाद्यातून फेज दिला आणि मर कमी झाली. आपल्या देशातले काम पाहायचे तर मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयाकडे बघावे लागते. कोळंबीच्या बीज केंद्रांत व्हिब्रिओ हार्वेयी नावाचा जंतू शिरला की अंधारात पिल्ले निळसर चमकू लागतात आणि बघता बघता टाकीच्या टाकी मरून जाते. मंगळूरच्या संशोधकांनी कोळंबी-तळ्याच्या पाण्यातूनच या जंतूचा फेज वेगळा काढला. बीज केंद्रातल्या त्यांच्या चाचणीत फेज दिलेल्या टाकीत ८६ टक्के पिल्ले जगली, प्रतिजैविक दिलेल्या टाकीत ४० टक्के आणि काहीच न दिलेल्या टाकीत १७ टक्के. हे काम २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. हा व्हिब्रिओ पटकीच्या जंतूचाच भाऊबंद आहे, ही गोष्टही इथे नमूद करण्यासारखी.

म्हणून उद्या बाजारातून फेजची बाटली आणून तळ्यात ओतली की झाले, असे मात्र कुणी समजू नये. आमच्याकडे मासे मरतात त्यातले कितीतरी पहाटे पाण्यातला प्राणवायू संपल्याने मरतात. तिथे जंतूचा संबंधच नसतो. थंडीत अंगावर खोल जखमा पडणारा जो रोग, त्याचे मूळ बुरशीसारख्या एका जीवात असते. कोळंबीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा. या तिन्हींपुढे फेज हतबल आहे. आणि जंतूच कारण असला तरी तो कोणता हे तपासावे लागते, त्याला लागू पडणारा फेज शोधावा लागतो, शिवाय एकाच फेजवर भिस्त ठेवली तर जंतू त्यालाही दाद देईनासे होतात म्हणून दोन-चार फेजांचे मिश्रण करावे लागते. शेततळेवाल्याच्या हातचे हे काम नव्हे. मेलेला नव्हे तर नुकता आजारी पडलेला मासा आणि तळ्यातले बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत नेऊन देण्याची सोय जवळपास असली पाहिजे, आणि तिथे ते तपासणारा माणूस असला पाहिजे. देरेल खुराड्याखुराड्यांतून हिंडत होता तो याचसाठी.

नेमके हेच जग विसरले. १९२० नंतर युरोप-अमेरिकेत फेजच्या बाटल्या धडाधड विकल्या जाऊ लागल्या. कुठल्या जंतूसाठी कोणता फेज याचा पत्ता नाही, आत जिवंत फेज उरला आहे की नाही याची खात्री नाही. विषाणूंना मुळी दादच न देणाऱ्या दुखण्यांवरही त्या खपल्या. पॅरिसमध्ये देरेलच्या नावाशी जोडलेली फेज तयार करणारी एक प्रयोगशाळा होती, म्हणजे या व्यापारातून तोही सर्वस्वी अलिप्त नव्हता. परंतु इतरांच्या मालाविषयी तो नेहमी तक्रार करी. १९३४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनसाठी ईटन आणि बेन-जोन्स यांनी तोवरच्या सर्व कामाचा आढावा घेतला आणि पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. आसामात १९२८ नंतर पटकीवर मोठ्या प्रमाणात फेज वाटण्यात आला होता, पण साथ ओसरली ती फेजमुळे की आपोआप, हे निर्विवादपणे ठरवता आले नाही. माझ्या मते यात देरेलचाही दोष आहे. औषध दिलेले आणि न दिलेले असे दोन सारखे गट बाजूबाजूला ठेवून मोजदाद करण्याचा कंटाळा त्याला होता. बरा झालेला रोगी दिसला की त्याला तेवढे पुरे वाटे. स्वतःच्या जन्मगावाची गोष्ट सांगणारा आणि प्रयोगाचा अहवाल लिहिणारा माणूस एकच होता.

१९२८ ते १९३३ तो अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्राध्यापक होता. तिथेही अधिकाऱ्यांशी खटके उडाले. मग त्याला बोलावणे आले ते थेट सोव्हिएत जॉर्जियातून. ग्योर्गी एलियावा हा त्याचा पाश्चर संस्थेतला जुना मित्र. त्याने तिबिलिसीत १९२३ मध्ये जीवाणुशास्त्राची संस्था उभी केली होती आणि ती फेजच्या अभ्यासाचे केंद्र करण्याचे त्याच्या मनात होते. देरेल १९३३ ते १९३५ या काळात दोनदा तिथे जाऊन राहिला, तिथे कायमचे घर करायचे ठरवू लागला, आणि तिथे प्रसिद्ध झालेले आपले पुस्तक त्याने स्टालिनला अर्पण केले. १९३७ मध्ये स्टालिनच्याच पोलिसांनी एलियावाला पकडले, जनतेचा शत्रू ठरवले आणि गोळी घातली. त्याच्या पत्नीचाही बळी गेला. देरेलसाठी संस्थेच्या आवारात बांधलेले घर पुढे गुप्त पोलिसांच्या ताब्यात गेले. देरेल पुन्हा तिबिलिसीला गेला नाही.

संस्था मात्र टिकली. पश्चिमेकडे पेनिसिलिन आले आणि फेजचे नाव निघेनासे झाले, तरी तिबिलिसीत फेज तयार होत राहिले. आज ती संस्था एलियावाच्याच नावाने चालते आणि प्रतिजैविके लागू न पडणारे रोगी दूरदूरच्या देशांतून तिथे जातात.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी देरेलला फ्रान्समध्ये व्हिशी येथे स्थानबद्ध केले. कॅनडाचा नागरिक म्हणून तो शत्रुपक्षाचा ठरला होता. जे माँट्रियल त्याने जन्मभर सांगितले ते असे अंगाशी आले. त्याच सुमारास, १९४० च्या आसपास, जर्मनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फेजची पहिली चित्रे निघाली होती. तेवीस वर्षे ज्याच्या अस्तित्वावरून तो भांडला, तो जीव आता डोळ्यांना दिसत होता. नोबेलसाठी त्याचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण पारितोषिक मिळाले नाही. फेजवरच्याच कामासाठी डेलब्रुक, हर्शी आणि लुरिया यांना ते १९६९ मध्ये मिळाले. त्यांच्या कामाचा रोख आनुवंशिकतेकडे होता, औषधाकडे नव्हता.

व्हिशीत त्याने आठवणी लिहून काढल्या. सुमारे आठशे पाने झाली. त्याच्या हयातीत ती छापली गेली नाहीत. २२ फेब्रुवारी १९४९ रोजी पॅरिसमध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने तो गेला. फ्रान्सच्या ओब परगण्यातल्या सें-मार-आँ-ओत नावाच्या खेड्यात त्याला पुरले आहे.